ग्राहकाने स्वतःच्या आवाजात

डोंबिवली (पूर्व),
९ फेब्रुवारी १९९८

चि. प्रभाकर,

आशीर्वाद. आईला हॉस्पिटलातून घरी आणलंत, धोका टळला, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण आज मी भांडायला बसले आहे. भांडण तुझ्याशी नाही, हे आधीच सांगते; मात्र ऐकून घ्यायला तूच आहेस.

त्या संध्याकाळी तू माझ्या शेजारच्या शकूवहिनींकडे फोन केलास, तेव्हा नेमकं काय बोललास ते काल तुझी सरोज इथे आली तेव्हा तिने मला कागदावर लिहून दाखवलं. ‘आईला अर्धांगाचा झटका आलाय. उजवी बाजू गेली. अजून बोलतेय, शालूला बोलवा म्हणतेय. ताईला आत्ताच्या आत्ता कोपरीला पाठवा.’ असं तू बोललास.

माझ्यापर्यंत काय पोचलं, सांगू? शकूवहिनी दारात आल्या. मला ओठ वाचता यावेत म्हणून तोंड भलंमोठं करून म्हणाल्या, “आई बरी आहे. उद्या जा.” वर हसल्या. मी विचारलं, “झालं काय?” त्यांनी हवेत हात उडवला. “काही नाही हो. थोडं बीपी.”

मी जेवले, प्रभाकर. झोपलेसुद्धा. सकाळी केस धुऊन, पेरू घेऊन ठाण्याला आले, तोवर आईचं बोलणं गेलं होतं.

शकूवहिनी वाईट बाई नाहीत. त्यांना वाटलं, एकटी बाई, कान नाहीत, अंधाराची कुठे धडपडत जाईल. हा विचार त्यांनी माझ्यासाठी केला. सगळे माझ्यासाठीच करतात. मेंदूज्वरात माझे कान गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून माझा प्रत्येक निरोप आधी दुसरं कुणीतरी चाखून बघतं, त्यातलं तिखट काढतं आणि उरलेलं मला भरवतं. मी कॉम्प्युटरवर पुस्तकं कंपोझ करते. एक काना इकडचा तिकडे झाला तर प्रकाशक प्रूफ तोंडावर मारतो. आणि माझ्या आईने मला हाक मारली, ती हाकच गाळली गेली, तर त्याचं प्रूफ तपासायला कोणी नाही!

मला टेलिफोन हवा आहे. हसू नकोस. तू इंजिनियर आहेस ना? मग बहिऱ्या बाईला टेलिफोन कसा वापरता येईल, ते शोधून काढ.

तुझी,
ताई


कोपरी, ठाणे (पूर्व),
१५ फेब्रुवारी १९९८

प्रिय ताई,

हसलो नाही. तुझं पत्र सरोजने वाचलं आणि ती तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. मी शकूवहिनींना पुन्हा पुन्हा बजावलेलं गं. “हो हो, सांगते” म्हणालेल्या. माझं डोकं असलं फिरलंय की त्यांच्या दारात जाऊन ओरडावंसं वाटतं, पण तुला तिथे राहायचंय.

आता कामाचं. आमच्या वागळे इस्टेटच्या फॅक्टरीतला कॉम्प्युटर पुण्याच्या शाखेशी टेलिफोनवरून जोडलेला आहे. मधे एक डबी असते, तिला मॉडेम म्हणतात. ती अक्षरांचे आवाज करते, आवाज तारेतून जातात, पलीकडची डबी त्या आवाजांची परत अक्षरं करते. आमचा चंदू नाखवा, चेंदणी कोळीवाड्यातला, पुण्याच्या माणसाशी दुपारी चक्क टाइप करून गप्पा मारतो. याने लिहिलं की त्याच्या पडद्यावर तिथल्या तिथे उमटतं. अक्षरं इंग्रजी, पण भाषा आपली. काल त्याने ‘जेवलास का’ असं विचारलेलं मी पाहिलं. मधे कुणाचे कान लागत नाहीत आणि कुणाचं तोंडही नाही.

तुझ्याकडे कॉम्प्युटर आहेच. माझ्याकडे टेलिफोन आहे; फॅक्टरीने काढून टाकलेला एक कॉम्प्युटर मी आणतो. अडचण एकच, तुझ्या बिल्डिंगपर्यंत आलेल्या केबलमध्ये जागा नाही आणि नव्या टेलिफोनसाठी यादी केवढी आहे ते तुला माहीत आहे. म्हणून माझ्या डोक्यात आलं, मोबाइल! त्याला तारच लागत नाही. स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान आहे, तिथे विचारलं. विकणारा म्हणाला, “साहेब, कुठलाही मॉडेम लावा, धावेल.” आमच्या साहेबांचा मोबाइल एका रविवारपुरता मागून आणतो. बघू तर.

तुझा,
प्रभाकर


डोंबिवली,
३० मार्च १९९८

चि. प्रभाकर,

धावला का रे मॉडेम?

कालचा तुझा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. मॉडेमच्या वायरचं चौकोनी टोक हातात धरून तू त्या मोबाइलला चारी बाजूंनी उलटापालटा करत होतास, आणि त्याला ती वायर खुपसायला भोकच नाही. मग तो फॅक्टरीतला जुना मॉडेम काढलास, रिसीव्हर ठेवायच्या दोन रबरी वाट्यांचा. त्यात मोबाइल माझ्या केसांच्या रिबिनीने बांधलास. सिग्नल येतो गॅलरीच्या टोकाला, म्हणून कॉम्प्युटर उचलून गॅलरीच्या दारात. तिकडे कोपरीत सरोज बिचारी पडद्यासमोर बसलेली. आणि माझ्या पडद्यावर काय, तर एक ओळ: नो कॅरियर, म्हणजे जोडणीच झाली नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी तेव्हा हसले, कारण तू रडवेला झाला होतास. पण तू गेल्यावर माझा संताप अनावर झाला.

म्हणून आज मी स्वतः त्या दुकानात गेले. काय विचारायचं ते घरूनच टाइप करून नेलं होतं. विकणाऱ्याने ते वाचलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या, माझ्याशी काडीचा संबंध नसलेल्या गृहस्थांना विचारलं, “यांच्याबरोबर कोण आहे?”

मला ओठ वाचता येतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे तो त्या गृहस्थांना म्हणाला, “कान ही नहीं हैं तो मोबाइल का क्या अचार डालेगी?” दोघं हसले.

मी काउंटरवर हात आपटून म्हटलं, “कुठलाही मॉडेम धावेल असं माझ्या भावाला सांगणारे तुम्हीच ना? मग धावत का नाही?” माझा आवाज कसा निघाला कोण जाणे. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली आणि माझीच मान खाली गेली. मग निघून आले. ते मात्र मनाला लागून राहिलं आहे. मान खाली का गेली माझी?

खरं कारण शोध. मला ‘चालत नाही’ हे उत्तर नको आहे. का चालत नाही, ते हवं आहे.

ताई


कोपरी,
१२ एप्रिल १९९८

प्रिय ताई,

त्या विकणाऱ्याला मी जाऊन झापलं. नोकरीला लागून महिना झालेला, त्याला स्वतःलाच काही माहीत नाही.

कारण सापडलं. मोबाइल फोन आपला आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाचं बोलणं ओळखायला लागेल तेवढंच ठेवतो, त्याला दाबून-चेपून लहान करतो आणि बाकीचं टाकून देतो. मॉडेमचा आवाज माणसाचा नाही, त्यामुळे तो नेमका त्या टाकलेल्यात जातो. साध्या टेलिफोनच्या तारेत असं होत नाही.

पण मोबाइलसाठी निराळे मॉडेम असतात. त्याची एक वायर कॉम्प्युटरला, दुसरी फोनच्या बुडाला. आवाज वगैरे भानगड नाही, कॉम्प्युटर अक्षरांचे जे आकडे करतो ते सरळ आकडे म्हणूनच जातात. चंदूचा मोठा भाऊ बोटीवर आहे, तो सिंगापूरहून आणून देतो म्हणालाय. त्याला चालणारा फोनही तोच सांगेल.

दुसरी गोष्ट, मोबाइल कंपनीने तुझ्या नव्या नंबरावर ‘डेटा’ नावाची सेवा चालू करायला हवी. त्याचा अर्ज सोबत पाठवतो, सही करून दे. अर्ज गेला की कंपनी ग्राहकाला फोन करून पडताळणी करते. नियमाचं वाक्य असं आहे: ‘ग्राहकाने स्वतःच्या आवाजात जन्मतारीख, पत्ता व वडिलांचे नाव सांगावे.’ ते माझ्यावर सोड.

आईची तब्येत तशीच. डावा हात हलवते. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. बोलता येत नाही, लिहिताही येत नाही. तू रविवारी येऊन गेलीस की दोन दिवस दाराकडे बघत असते.

प्रभाकर


डोंबिवली,
१९ एप्रिल १९९८

चि. प्रभाकर,

अर्ज सही करून पाठवते आहे. पण ते नियमाचं वाक्य वाचून डोळ्यांपुढे अंधारी आली. ऐकू न येणाऱ्या बाईला फोनवर लिहिता यावं म्हणून सेवा मागायची, आणि ती सेवा मिळण्याआधी तिने फोन ऐकून दाखवायचा! पांगळ्याला कुबड्या देताना आधी टेकडी चढून या म्हणण्यासारखं आहे हे. ज्याने हा नियम लिहिला त्याला कंपोझिंगला माझ्याकडे पाठव, त्याची वाक्यं मी नीट करून देते.

आणि ‘माझ्यावर सोड’ म्हणजे काय? कंपनीला पत्र लिहिणार आहेस? साहेबांना भेटणार आहेस? काय करणार ते मला लिही. माझं काम आहे, मला माहीत असायला हवं.

ताई


कोपरी,
२४ मे १९९८

प्रिय ताई,

मोबाइलचा मॉडेम आला! काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा आहे. चंदूने आणि मी फॅक्टरीत लावून बघितला, फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम भरला, एकदम झकास. फोनही घेतलाय, तुझ्या नावावर. आणि मुख्य म्हणजे कंपनीने डेटा चालू केला. पडताळणी बिडताळणी सगळं उरकलं.

येत्या रविवारी मी आणि सरोज सगळं सामान घेऊन येतो. सरोज तुझ्यासाठी गूळ घालून निनावं करतेय, तुझ्या आवडीचं गोड. आईजवळ तिची बहीण बसेल. नंतर मी एकटा कोपरीला परत येऊन माझ्या बाजूचा कॉम्प्युटर चालू करीन, सरोज तुझ्याजवळ थांबेल. संध्याकाळी आपण बोलू!

तुझा,
प्रभाकर


डोंबिवली,
१ जून १९९८

प्रभाकर,

काल संध्याकाळी तू कोपरीला पडद्यासमोर बसून राहिलास आणि माझ्याकडून एक अक्षर आलं नाही, याचं कारण सरोजने तुला सांगितलंच असेल. तरी माझ्या हाताने लिहिते.

तू गेल्यावर आम्ही चहा घेतला. ती खुशीत होती. म्हणाली, “ताई, मी तुमची पडताळणी केली, ठाऊक आहे? कंपनीचा फोन आला, मी म्हटलं, ‘मी शालन फणसे बोलतेय.’ जन्मतारीखसुद्धा धडाधड सांगितली!” आधी मला वाटलं, मी ओठ चुकीचे वाचले. पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं, हसत.

सरोजवर माझा राग नाही. तिला तू सांगितलंस. मी तुला एप्रिलात विचारलं होतं, काय करणार आहेस. तू उत्तर दिलं नाहीस. ‘उरकलं’ म्हणून मोकळा झालास.

तुला अजून कळलंच नाही का रे, मी हे कशासाठी मागत होते? मला यंत्राची हौस नाही. माझ्या तोंडावाटे दुसऱ्याने बोलू नये, एवढ्यासाठी मी हे मागत होते. आणि त्याच यंत्राच्या कागदांवर तू दुसरीचा आवाज माझा म्हणून नोंदवलास. शकूवहिनींनी माझा निरोप खाल्ला. तू मला अख्खीच बदलून टाकलीस.

फोन आणि मॉडेम तुझ्याच खोक्यात घालून परत पाठवते आहे. निनाव्याचं भांडंही त्यात आहे, घासून.

शालन


कोपरी,
८ जून १९९८

ताई,

छान. बस आता तत्त्व कवटाळून.

चार महिने मी दर शनिवारी कुठे कुठे फिरलोय याची तुला कल्पना आहे? चंदूच्या भावाने तो मॉडेम कपड्यांत गुंडाळून आणला. साहेबांच्या विनवण्या केल्या. आणि एक टेलिफोन सरोजने उचलला तर तू सगळं उचलून परत पाठवतेस? नियम मूर्ख होता, तूच म्हणालीस. मूर्ख नियमाला बगल दिली, एवढाच माझा गुन्हा. मी तो नियम बदलायला गेलो असतो तर आपण दोघं म्हातारे झालो असतो, आणि आई काय थांबणार आहे?

सरोज दोन दिवस धड जेवली नाही. “मी ताईंना मदत केली असं वाटत होतं मला,” एवढंच म्हणते.

आणि कृपा करून कंपनीला यातलं काही सांगायला जाऊ नकोस. खोटी पडताळणी म्हणजे माझ्यावर यायचं. सामान इथे कपाटात ठेवलंय. डोकं शांत झालं की कळव.

प्रभाकर


डोंबिवली,
२० जुलै १९९८

चि. प्रभाकर,

गेल्या दोन-तीन रविवारी मी आईजवळ येऊन बसले आणि आपण एकमेकांशी ‘चहा घे’ यापलीकडे बोललो नाही. आज बोलते. सरोजची मी काल घरात माफी मागितली, ते तुला तिच्याकडून कळेल.

मी कंपनीत गेले होते. ठाण्याच्याच ऑफिसात. तुझं नाव मी काढलं नाही, आधी निर्धास्त हो.

पावसाने छत्री उलटीपालटी होत होती, भिजून चिंब पोचले. काचेच्या केबिनमध्ये एक बाई अधिकारी होत्या, माझ्याच वयाच्या. मी टाइप करून नेलेला कागद पुढे केला: ‘माझ्या नावाच्या कनेक्शनची पडताळणी झाली तेव्हा बोलणारी व्यक्ती मी नव्हते. मला ऐकू येत नाही. ती पडताळणी रद्द करा आणि माझी करा.’

बाईंनी वाचलं, कॉम्प्युटरात पाहिलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “पण तुम्ही बोललात. आमच्याकडे नोंद आहे.”

मी म्हटलं, “मी बोललेच नाही. मला फोन ऐकू येत नाही.”

“तसं नोंदीत नाहीये. नोंदीत तुम्ही व्यवस्थित बोललात.”

“मी तुमच्यासमोर उभी आहे ना? मी सांगते की ती मी नव्हते!”

“मॅडम, तुमची सेवा चालू आहे. मग तुमची तक्रार काय आहे?”

बघ, प्रभाकर! जित्याजागत्या शालनपेक्षा नोंदीतली शालन त्यांना जास्त खरी वाटत होती. तिला ऐकू येत होतं, ती भांडत नव्हती. कुणालाही तीच आवडेल.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, रद्द केल्याशिवाय उठणार नाही. त्या वैतागल्या, आत-बाहेर करून आल्या आणि म्हणाल्या, रद्द करते, पण मग डेटा बंद होईल, आणि नियमाप्रमाणे फोनवर स्वतःच्या आवाजात पडताळणी होत नाही तोवर तो पुन्हा मिळणार नाही. तुम्हाला ते जमणार नाही, तर कशाला नसता हट्ट?

रद्द करा, म्हटलं. केलं. आणि मग विचारलं, “आता मी फोनवर बोलायचं ना? तुमच्या नियमात मी कुठे उभं राहून बोलायचं ते लिहिलंय का?”

त्यांना समजेना. मी समजावलं. तुम्ही केबिनमध्ये बसा, तुमच्या फोनवरून प्रश्न विचारा. मी काचेबाहेर, समोरच्या टेबलावरचा फोन घेऊन उभी राहते. काचेतून तुमचे ओठ मला दिसतात. प्रश्न फोनवर, उत्तर फोनवर, आवाज माझा. नियमातलं काय मोडलं?

“असं कधी केलेलं नाही,” म्हणाल्या.

“करू नका असंही लिहिलेलं नाही.”

मग त्यांनी बाहेरच्या मुलीला उठवून तिच्या टेबलावरचा फोन मला दिला.

आता तुला एक सांगते, जे आईशिवाय कुणाला ठाऊक नाही. कान गेल्यावर शाळेतली मुलं माझ्या आवाजाची नक्कल करायची. घोगरा, वरखाली जाणारा. मी घरी येऊन आईला विचारलं, माझा आवाज खरंच असा आहे? तिने मला नुसतं जवळ घेतलं. तेव्हा कळलं, असा आहे. त्यानंतर चारचौघांत मी लागेल तेवढंच, हळू बोलत आले. माझा जो आवाज मला आठवतो तो नऊ वर्षांच्या मुलीचा आहे. आत्ताचा मी कधी ऐकलेला नाही.

तो रिसीव्हर मी तोंडाशी धरला. सगळं ऑफिस भरलेलं, रांगेत माणसं. काचेआड बाईंचे ओठ हलले: तुमचं पूर्ण नाव?

मी सांगितलं. मोठ्याने. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. एक तरुण तोंडावर हात ठेवून हसला. मी मनात म्हटलं, हस. तुझ्या हसण्यासाठी मी दाबून-चेपून बोलणार नाही.

पुढचा प्रश्न विचारताना बाईंनी मान खाली घालून कागदात पाहिलं. मी काचेवर मूठ आपटली. “वर बघा! माझ्याकडे बघून विचारा!” त्या दचकल्या. मग नीट समोर बघून त्यांनी जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, बाबांचं नाव विचारलं. “पुन्हा सांगा, स्पष्ट नाही,” असंही म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. या खेपेला मान वर ठेवून.

झालं. सही-शिक्का झाला. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, “आमच्या जाहिरातीसाठी तुमचा एक फोटो घेता येईल का? लोकांना प्रेरणा मिळेल.” मी म्हटलं, “मी तुमची ग्राहक आहे. बिल पाठवा, फोटो कशाला?”

स्टेशनपर्यंत चालत आले. 

कपाटातलं सामान घेऊन ये.

तुझी,
ताई


कोपरी,
२६ जुलै १९९८

प्रिय ताई,

पत्र सरोजला मोठ्याने वाचून दाखवलं. आईच्या खाटेजवळ बसूनच. काचेवर मूठ आपटली तिथे सरोज टाळ्या वाजवायला लागली.

मी काय लिहू? मला ती युक्ती सुचली नाही, कारण तुला बाहेर उभं करून बोलायला लावावं, हेच माझ्या मनात आलं नाही. आणि तो हसणारा तरुण मला कुठे भेटला ना, तर त्याची खैर नाही.

पुढच्या रविवारी डेटा चालू होतो का बघू. नाहीतर मीच त्या ऑफिसात खुर्ची ओढून बसतो.

प्रभाकर


डोंबिवली,
१७ ऑगस्ट १९९८

चि. प्रभाकर,

काल आपण बोललो. बोललो! मी एकटी घरात, गॅलरीच्या दारात, मांडीवर कीबोर्ड. पडद्यावर तुझी अक्षरं येत होती, एकेक, जणू तू माझ्यासमोर बसून विचार करतोयस. मधे चूक झाली की तू मागे जाऊन खोडायचास, तेसुद्धा दिसायचं. पत्रात तुझ्या चुका कधी दिसल्या नाहीत मला.

पण तक्रारी आहेत. पहिली तुझ्याबद्दल. मी शकूवहिनींबद्दल लिहीत होते, वाक्य अर्ध्यावर होतं, आणि तू मधेच घुसलास: ‘जाऊ दे गं ताई.’ माझ्या वाक्यात तुझी अक्षरं! मी चिडून पुन्हा सुरुवात केली, तू पुन्हा घुसलास. मग दोघांची अक्षरं एकमेकांत अडकून नुसता गोंधळ. इतक्या वर्षांत माझं बोलणं कुणी असं तोडलं नव्हतं. माझ्याशी बोलताना माणसं थांबतात, संपेपर्यंत वाट बघतात, किंवा उठून जातात. तू भांडलास. अगदी सख्ख्या भावासारखा. मी तुला माफ केलेलं नाही, पण पुढच्या रविवारी पुन्हा भांड.

दुसरी तक्रार कंपनीबद्दल आणि ती गंभीर आहे. शेवटी मी लिहिलं, ‘आईला सांग, मी येते.’ त्यावर तुझं उत्तर नाही. आणि मग पडद्यावर नुसता कचरा यायला लागला. के, के, के, मग एल, सेमिकोलन, पुन्हा के, मोठी रिकामी जागा, पुन्हा के. मी लिहिलं, ‘काय झालं?’ तर आणखी कचरा. सिग्नल तर पूर्ण होता. एवढा तमाशा करून सेवा घ्यायची आणि ही असली लाइन? मी संतापून सगळं बंद केलं. कंपनीला खरमरीत पत्र लिहून ठेवलं आहे, पाकिटात घालायचं बाकी आहे. तुझ्याही पडद्यावर तसंच दिसलं का, ते कळव. पुरावा म्हणून जोडते.

तुझी,
ताई


कोपरी,
१९ ऑगस्ट १९९८

ताई,

ते पत्र पाठवू नकोस. फाडून टाक.

लाइन चांगली होती. तुझं ‘आईला सांग, मी येते’ आलं ते मी मोठ्याने वाचलं. आईची खाट मागेच आहे. तिने घशातून आवाज केला, मी वळलो तर ती डावा हात पुढे करत होती, पडद्याकडे. मला आधी कळेना. सरोजला कळलं. तिने कीबोर्ड उचलून खाटेवर आईच्या हाताखाली ठेवला.

आईने तळवा ठेवला. पडद्यावर के, के, के उमटलं. तिने पडद्याकडे पाहिलं आणि हात सरकवला. आम्ही दोघं बघतच राहिलो, तुला काही कळवायचं सुचलंच नाही. तू ‘काय झालं?’ लिहिलंस, ते मी तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा हात दाबला.

मग तू बंद केलंस. मी सांगितलं, ताई गेली. तरी ती किती तरी वेळ हात काढेना. आम्ही काढायला गेलो तर सरोजच्या बोटांवर चापट मारली, डाव्या हाताने, चांगली जोरात.

रविवारपर्यंत थांबू नकोस. पत्र मिळालं की लगेच लाव. मी कामावरून आलेलो असेन. आणि या खेपेला मी मधे बोलणार नाही.

तुझा,
प्रभाकर